पोरं मोबाईलमध्ये, बिबट्या उसात

सुट्ट्या लागल्या की घराघरांत मुलांच्या सिनेमांचा रतीब सुरू होतो. त्यातली एक गोष्ट हल्ली सारखी भेटते. चार मित्र-मैत्रिणी असतात, त्यांना एक व्हिडिओ गेम सापडतो. खेळता खेळता पडदा लखलखतो आणि ही पोरं थेट त्या खेळाच्या आत जाऊन पडतात. मग राक्षस, दऱ्या, उड्या, धावपळ... आणि शेवटी सगळे सुखरूप घरी! कधी ही गोष्ट कार्टूनची असते, कधी खऱ्या माणसांची. आया म्हणतात, ‘कसला मेला वेडगळ प्रकार!’ आणि भाजी फोडणीला टाकायला निघून जातात.

मला मात्र वाटतं, मैत्रिणींनो, असा एखादा सिनेमा आपण मुलांशेजारी बसून पुरता बघावा. पोरं मोबाईलमध्ये अडकली म्हणून आपण दिवसभर जे ओरडतो ना, त्याची बरीचशी उत्तरं त्यातच आहेत.

ही कल्पना काही आजची नाही. १९८२ साली ‘ट्रॉन’ नावाचा इंग्रजी सिनेमा आला, त्यात एक माणूस संगणकाच्या आत ओढला जातो. २००३ साली ‘स्पाय किड्स’चा तिसरा भाग आला. त्यात बहीण खेळात अडकते आणि धाकटा भाऊ तिला सोडवायला आत जातो. २०१२ साली ‘रेक-इट राल्फ’ हा कार्टूनपट आला. त्यातला राल्फ हा एका खेळातला खलनायक. रोज रोज वाईट ठरण्याला कंटाळून तो दुसऱ्याच खेळात पळून जातो. आणि २०१७ साली ‘जुमांजी’ नव्या रूपात आला. तो तर आपल्याकडच्या पोरांना पाठच आहे.

‘जुमांजी’त काय आहे बघा. शाळेत शिक्षा म्हणून थांबवून ठेवलेली चार मुलं. त्यातला एक काडीपैलवान, भित्रा. खेळाच्या आत गेल्यावर तो होतो धिप्पाड, दंड फुगवलेला नायक. शेवटी घरी परतायची वेळ येते तेव्हा हाच मुलगा अडखळतो. त्याला तिथंच राहावंसं वाटतं. कारण बाहेर त्याला कुणी विचारत नाही आणि आत तो राजा असतो. मला वाटतं, आपल्या प्रश्नाची पहिली नाडी इथं सापडते. मूल मोबाईलमध्ये जातं ते नुसतं बिघडलेलं म्हणून नाही. बाहेर जे मिळत नाही ते तिथं मिळतं, म्हणून जातं.

आता बाहेर काय मिळत नाही ते मी येडगावात बसून सांगते.

आमच्या भागात कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे. पाणी आलं तसा ऊस आला. ऊस आला तसा उसात बिबट्या आला. उसाच्या फडात त्याला लपायला जागा मिळाली, तिथंच पिल्लं झाली, वस्तीवरची कुत्री, शेळ्या हे त्याचं आयतं जेवण. आज जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत संध्याकाळ झाली की आई पहिलं वाक्य म्हणते ते, ‘ए, घरात ये!’ आणि ती उगाच म्हणत नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात तीन जीव गेले. त्यात दोन लहान मुलं होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. ते ऐकल्यावर कुठली आई पोराला तिन्हीसांजेला अंगणात सोडेल, सांगा!

म्हणजे साखळी अशी झाली. धरणामुळे ऊस, उसामुळे बिबट्या, बिबट्यामुळे पोरं घरात, आणि घरात पोरांच्या हातात मोबाईल. त्यात २०१६पासून इंटरनेट स्वस्त झालं आणि २०२०च्या टाळेबंदीत शाळाच मोबाईलवर भरली. ज्या घरात एकच साधा फोन होता तिथं कर्ज काढून मोठा फोन आला. शाळा परत वर्गात गेली, पण फोन काही परत गेला नाही.

बचत गटाच्या कामासाठी मी वस्त्यांवर फिरते. एका घरात सातवीतला मुलगा तासभर मान वर न करता खेळत होता. मी म्हटलं, ‘अरे, जरा बाहेर जा की.’ तो खेळ न थांबवता म्हणाला, ‘काकू, आई सोडत नाही. तुम्ही नेता का?’ यावर मी काय बोलणार? त्याचं चुकलं कुठं?

म्हणून ‘आमच्या वेळी आम्ही सूरपारंब्या खेळायचो, विटीदांडू खेळायचो’ हे पुराण आता बंद करायला हवं. आपल्या वेळी पारंबीखाली बिबट्या बसलेला नव्हता. ज्यांना आपण बाहेरचं दार लावून घेतलंय, त्यांनाच ‘बाहेर का खेळत नाही’ असं विचारणं म्हणजे अन्याय आहे.

मुलींचं तर आणखी वेगळं. त्यांना बिबट्या नव्हता तेव्हाही संध्याकाळी बाहेर सोडत नव्हते! मुलाच्या हातात मोबाईल जातो, मुलीच्या हातात केरसुणी. तिनं दहा मिनिटं खेळ उघडला तरी ‘पोरीच्या जातीला शोभतं का’ म्हणणारे आहेतच. मुलाचं व्यसन आपल्याला दिसतं, मुलीचं कोंडणं दिसत नाही.

आता दुसरी गोष्ट. सिनेमातल्या खेळात आणि मोबाईलमधल्या खेळात एक मोठा फरक आहे, तो आपल्याला ठाऊक असायला हवा. ‘जुमांजी’तल्या मुलांना प्रत्येकी तीन जीव असतात. रत्न जागेवर ठेवलं, नाव घेतलं की खेळ संपतो आणि घरचं दार उघडतं. मोबाईलमधले बरेच खेळ संपण्यासाठी बनवलेलेच नसतात. शंभर जण एका बेटावर उतरतात, शेवटी एक उरतो आणि लगेच पुढचा डाव तयार! रोज उघडला तर रोजचं बक्षीस, एक दिवस चुकला तर ते गेलं. मग नवा पोशाख, नवी बंदूक, नवा हंगाम. हे सगळं पोरानं उठूच नये म्हणून मोठमोठ्या हुशार माणसांनी बसून रचलेलं असतं. त्यांच्यापुढे आपलं अकरा वर्षांचं लेकरू एकटं बसवायचं आणि वर म्हणायचं, ‘तुला स्वतःवर ताबा नाही.’ कसा असेल हो?

‘जुमांजी’त एक मुलगा १९९६ साली खेळात ओढला गेलेला असतो. त्याला वाटतं, आपल्याला इथं येऊन काही महिने झाले असतील. प्रत्यक्षात बाहेर वीस वर्षं उलटलेली असतात! सिनेमात हे ऐकून आपण हसतो. पण ‘पाचच मिनिटं, आई’ म्हणणारा आपला मुलगा खोटं बोलत नसतो. त्याला खरंच पाच मिनिटंच वाटत असतात.

घाबरायचं किती आणि कशाला, हेही नीट समजून घेऊ. २०१७ साली ‘ब्लू व्हेल’ नावाच्या खेळानं सगळ्या देशातल्या आयांची झोप उडवली होती. आठवतं ना? पुढे सरकारी समितीनं तपासलं, तेव्हा त्या खेळामुळेच कुणाचा जीव गेला असं एकाही प्रकरणात सिद्ध झालं नाही. म्हणजे कानावर येतं ते सगळंच खरं नसतं. पण म्हणून खरं दुखणं नाहीच, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली खेळाच्या या अतिरेकाला आजारांच्या यादीत घेतलं आणि २०२२पासून ती यादी लागू झाली. त्याच्या तीन खुणा सांगितल्यात. एक, खेळावर ताबाच न राहणं. दोन, जेवण, अभ्यास, मित्र या सगळ्यांच्या वर खेळ जाणं. तीन, नुकसान होतंय हे दिसत असूनही खेळणं चालूच राहणं. आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असलं पाहिजे. सुट्टीत चार दिवस पोरगं जास्त खेळलं म्हणजे ते आजारी झालं, असं नाही. पण या तिन्ही खुणा दिसल्या तर देवऋषी, अंगारा यांच्या नादी लागू नका. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

सरकारनं काहीच केलं नाही, असं म्हणता येणार नाही. २०२०च्या सप्टेंबरात ‘पबजी’ बंद झाला, २०२२च्या फेब्रुवारीत ‘फ्री फायर’ बंद झाला. पण पोरांनी काय केलं? नाव बदलून आलेला खेळ घेतला! २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांविरुद्ध कायदा केला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. हा कायदा बायकांच्या दृष्टीनं फार मोलाचा आहे. कारण रमीच्या आणि क्रिकेटच्या संघांच्या नादात गेलेला पैसा शेवटी घरातल्या बाईच्या गळ्यातूनच जातो. त्याच्या महिनाभर आधी तर विधान परिषदेत बसलेल्या कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर पत्त्यांचा खेळ दिसल्याचा व्हिडिओ राज्यभर गाजला होता. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. तरी त्यांचं खातं बदललं. मोठ्यांच्या खेळाची ही कथा, तर पोरांना कोण काय म्हणणार!

पण हा कायदा पैसे लावण्याच्या खेळांसाठी आहे. मुलांचे साधे खेळ त्यात येत नाहीत, आणि त्यात पोशाख-हिरे विकत घेणंही थांबत नाही. आमच्या ओळखीतल्या एका भगिनीच्या खात्यातून थोडे थोडे करत दुधाचे पैसे गेले. मुलाला पिन ठाऊक होता. तो चोर नव्हता हो! त्याला ते पैसे वाटलेच नाहीत, खेळातले गुण वाटले. म्हणून पैसे पाठवायचा पिन मुलांना सांगायचा नाही, हा साधा नियम आजच घरात करा. आणि कुणी ऑनलाईन फसवलंच तर लाजून गप्प बसू नका, १९३०वर लगेच फोन करा.

मग करायचं काय? मोबाईल हिसकावून कपाटात टाकायचा? आमच्या भागातल्या बायकांना एक गोष्ट चांगली समजेल. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात बिबट्याचे हल्ले एकदम वाढले होते. विद्या अत्रेया यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा एक मुद्दा पुढे आला. बिबटे पकडायचे आणि लांब दुसरीकडे नेऊन सोडायचे, यानं प्रश्न मिटत नाही, उलट वाढतो. मोबाईलचंही तसंच आहे. इथून काढून घेतला की मूल शेजारच्या घरात जाऊन खेळतं, आणि आता ते लपून खेळतं. तुमच्याशी बोलणं बंद होतं ते वेगळंच.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानं २०२२ साली अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. त्यामागची कळकळ मला कळते. पण मला जास्त पटतं ते सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं. कडेगाव तालुक्यातलं हे गाव. २०२२च्या स्वातंत्र्यदिनाला त्यांनी ठरवलं की संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि दीड तास गावातला टीव्ही, मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. त्या वेळात पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. हा निर्णय आदल्या दिवशी बायकांच्या बैठकीत झाला, आणि मग आशा ताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन तो समजावून सांगितला. यातलं मर्म लक्षात आलं का? फोन फक्त पोरांचा बंद झाला नाही, सगळ्यांचाच झाला! आईची मालिका आणि बापाचे रील चालू ठेवून पोराला ‘अभ्यास कर’ सांगितलं तर ते कशाला ऐकेल?

आणि ‘स्पाय किड्स’मधली ती गोष्ट आठवा. बहिणीला सोडवायला भाऊ आत जातो, मदतीला कुणाला बोलावतो? आजोबांना! चाकाच्या खुर्चीत बसलेले ते आजोबा खेळात गेल्यावर उभे राहून चालायला लागतात, म्हणजे त्या जगाची ओढ त्यांनाही कळते. शेवटी तर अख्खं कुटुंबच धावून येतं. कुणीही बाहेर उभं राहून ‘ये, नाहीतर मारीन’ असं ओरडत नाही. आपणही अर्धा तास त्या खेळात जाऊन बघावं. मुलाशेजारी बसावं आणि विचारावं, ‘हे काय आहे? तुझ्या संघात कोण कोण आहे? तुला यातलं काय आवडतं?’ मूल कसं खुलतं बघा. आणि त्या गप्पांतच कळतं की संघातला ‘दादा’ आपल्या गावचा आहे की कुणी अनोळखी माणूस. ते कळणं फार गरजेचं आहे. लहान मुलाला कुणी त्रास देत असेल, धमकावत असेल तर १०९८ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

पण नुसतं बंद करून भागत नाही. मोकळी झालेली वेळ कशानं तरी भरायला हवी. इथं मला माझ्या गावाशी आणि तुमच्याही गावाशी बोलायचंय. आमच्या बैठकीत मी मांडलेली सूचना अशी. शाळेचं मैदान किंवा देवळाचा सभामंडप, पाच ते सात, मुलांसाठी राखून ठेवायचा. कडेचं गवत, झुडपं काढायची, ग्रामपंचायतीनं दोन चांगले दिवे लावायचे. रोज दोन माणसांची पाळी. वस्तीवरच्या मुलांना घोळक्यानं आणायचं, घोळक्यानं सोडायचं, हातात बॅटरी आणि काठी, तोंडानं गाणी नाहीतर गप्पा. एकट्यानं जाऊ नका, आवाज करत चला, असं वन विभागही सांगतो. आणि मुली आल्याच पाहिजेत. भांडी थोडा वेळ थांबतात!

‘दोन माणसं’ म्हटलं, दोन बायका म्हटलं नाही. आमच्या बैठकीत लगेच आवाज आला, ‘म्हणजे हेही आमच्याच गळ्यात का?’ रास्त प्रश्न आहे. पोरगं बिघडलं की आईचं लक्ष नाही आणि पहिलं आलं की बापाचं नाव! तेव्हा पाळीत बाप्ये हवेतच. त्यावर दुसरा आवाज आला की गडीमाणसांना रात्रीची लाईट, ते पाणी धरायला शेतात. हेही खरंच आहे. म्हणून शेतीला दिवसा वीज ही मागणी फक्त शेतकऱ्याची नाही, ती आईची आणि लेकराचीही आहे. रात्री बिबट्याच्या भीतीत पाणी धरणारा बाप संध्याकाळी घरी असला, तर निम्मा प्रश्न सुटेल.

खेळायला काय द्यायचं, ही चिंता तर करूच नका. आपला तालुका शिवनेरीचा आहे. २०२५च्या जुलैत शिवनेरीसह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. दिवाळीत पोरं मातीचा किल्ला करतात, तेव्हा चार दिवस मोबाईल आठवत नाही, हे प्रत्येक आईनं पाहिलंय. का आठवत नाही? कारण तिथं बुरूज कुठं, तळं कुठं हे त्यांनी स्वतः ठरवलेलं असतं. ते दुसऱ्याच्या खेळात नसतात, खेळ त्यांचा असतो. मग किल्ला दिवाळीपुरताच का? आणि आपल्या शेजारी खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ती लोकांना बघायला मिळते, शाळांची प्रदर्शनं भरतात. तिथं गेल्यावर मोबाईल बंद ठेवायला सांगतात, कारण आकाशातून येणाऱ्या बारीक लहरींत त्याचा अडथळा होतो. किती साधी गोष्ट! लांबचं ऐकायचं असेल तर जवळचा गोंगाट थोडा वेळ बंद करावा लागतो. हे पोरांना तिथं नेऊन दाखवा, भाषण द्यावं लागणार नाही.

मोबाईल वाईट आणि खेळ वाईट, असं मी मुळीच म्हणत नाही. आज टोमॅटोचा बाजारभाव मोबाईलवर कळतो, बचत गटाचा हिशोब त्यावर होतो. उद्या आपल्यातलंच कुणी पोर असे कार्टूनपट, असे खेळ बनवायला शिकेल आणि पोटाला लावेल. मुलं आत गेली याची मला भीती नाही. बाहेर त्यांची कुणी वाट बघत नसेल, याची आहे.

‘जुमांजी’त त्या वीस वर्षं अडकलेल्या मुलाचा शेवटचा जीव जायची वेळ येते, तेव्हा त्याच्या मैत्रिणींपैकी एक आपल्या वाट्याचा एक जीव त्याला देते. म्हणून तो घरी जातो. आपल्याला काही जीव द्यायचा नाही, मैत्रिणींनो. रोजचे दोन तास द्यायचेत, तेही पाळीपाळीनं. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. एकटीनं मांडला तर हसतील, दहाजणी मिळून उठलात तर लिहून घ्यावा लागेल.